फ्रॉगफिश आणलाय, सहा दिवस काही खात नाही. काय करू?

भरतीओहोटी

नमस्कार मंडळी. ठाण्यात राहतो. दीड वर्षापासून घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण १९० लिटर. पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर आहे, पाणी थंड ठेवणारा चिलर आहे, प्रवाह करणारे दोन वेव्हमेकर आहेत. आत सिरॅमिकचे दगड, तळाला बारीक पांढरी वाळू, दोन क्लाउनफिश आणि शंखात राहणारा एक खेकडा.

गेल्या शनिवारी एका दुकानात वॉर्टी फ्रॉगफिश दिसला आणि पाय तिथेच थांबले. लिंबाएवढा, पिवळाधमक, अंगावर विटकरी डाग. मासा आहे हेच आधी पटेना, कुणीतरी स्पंजाचा तुकडा ठेवलाय असं वाटलं. मग तो पुढचे दोन पंख हातासारखे टेकत चार पावलं चालला आणि मी पाकीट काढलं. दुकानदार म्हणाला, "एकदम शांत मासा आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

आज सहा दिवस झाले, मासा काही खात नाही. पेलेट टाकून पाहिले, फ्रोझन मायसिस (बारीक कोलंबीसारखे जीव) टाकून पाहिलं, सोललेली कोलंबी चिमट्यात धरून अगदी तोंडापाशी नेली. ढुंकूनही बघत नाही. दिवसभर एकाच दगडावर बसून असतो. आमचे आबा गावी ओट्यावर असेच बसतात, म्हणून तिसरीतल्या मुलीने त्याचं नाव आबाच ठेवलंय. श्वास नीट चाललाय. पोटही खपाटीला गेलेलं नाही, उलट चांगलं गोल आहे.

पाणी काल तपासलं: क्षार ३५, घनता १.०२५, तापमान २६, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १५.

दोनपैकी एक क्लाउन दोन दिवसांपासून दिसत नाही, दगडांच्या कपारीत लपला असावा. तो खाण्याच्या वेळीही बाहेर येत नाही, म्हणून पाण्यातच काही बिघडलंय का अशीही शंका आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

कोलंबीभात

भरतीओहोटी, तुमचा शेवटचा परिच्छेद आणि त्याच्या आधीचं "पोट चांगलं गोल आहे" हे वाक्य, दोन्ही शेजारी ठेवून परत वाचा.

गप्पिष्ट_गप्पी

+१. आबा उपाशी नाहीत. आबा जेवून ओट्यावर बसलेत.

सागरगोटा

वरच्या दोघांचं बरोबर आहे. क्लाउन गेला, असंच धरून चाला. वाईट वाटलं, कारण ही चूक तुमची नाही. ज्याने "शांत मासा" म्हणून विकला, त्याने अर्धंच सांगितलं. फ्रॉगफिश शांत असतो तो दबा धरून बसतो म्हणून. तोंडात मावेल ते सगळं त्याचं अन्न, आणि त्याच्या तोंडात जवळजवळ त्याच्याएवढाच मासा मावतो.

मी तेरा वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवतोय, त्यातली चार वर्षं एक फ्रॉगफिश होता. जे शिकलो ते लिहितो.

पहिलं काम म्हणजे उरलेला क्लाउन आजच्या आज बाहेर काढा. मासे ठेवायची बादली असेल तरी चालेल, हीटर आणि एअरस्टोन लावून. उद्यावर ढकलू नका.

एवढा मोठा घास पोटात असताना हा मासा आठवडाभर काही मागत नाही. म्हणून तुम्ही आता काहीही देऊ नका. कोलंबी, पेलेट सगळं बंद. टाकलेलं कुजून पाणी बिघडेल तेवढंच. फ्रॉगफिश उपासमारीने मरतात त्याहून जास्त मालकाच्या मायेने मरतात, हे मी अगदी मनापासून सांगतोय. माझ्या मित्राचा मासा असाच गेला. पाहुणे आले की त्यांना दाखवायला म्हणून रोज एक मासा द्यायचा. एक दिवस मोठा घास पोटातच सडला. मोठ्या फ्रॉगफिशला तीन-चार दिवसांतून एकदा, तेही त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून फार मोठा नाही असा तुकडा, एवढं पुरे.

वेव्हमेकरपैकी एक बंद करा. हा पोहणारा मासा नव्हे, जोराच्या प्रवाहात त्याला बसायला त्रास होतो. चिमटा वरून आणू नका. वरून येणारी वस्तू म्हणजे त्याच्यासाठी धोका. दिवा मंद करून, पातळ पारदर्शक काडीला तुकडा टोचून, बाजूने हळूहळू, थांबत-थांबत न्या. जिवंत मासा जसा बिचकत पुढे येतो तसा.

आणि एक. जाळीत धरून त्याला पाण्याबाहेर कधीही काढू नका. घाबरून हवा गिळतो आणि ती पोटातून निघता निघत नाही. हलवायचाच झाला तर पाण्याखालीच डब्यात घ्या.

भरतीओहोटी

सागरगोटा, काय बोलू. रात्री सगळे दगड उचलून पाहिले. क्लाउन नाही. दुसऱ्याला वेगळं केलंय, बारा लिटरच्या जुन्या टाकीत.

मुलीला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. ती रडली, आबावर रागावली, आणि मग म्हणाली, "आबांना कुणी सांगितलं नव्हतं ना, की तो आपला आहे." मला उत्तर सुचलं नाही.

पारिजात

मुलीचं वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं.

मला या विषयातलं काहीच कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. हा मासा विषारी असतो का? टीव्हीवर एक दगडासारखा मासा दाखवतात, ज्यावर पाय पडला तर माणूस जातो, तो हाच का? आणि याला मराठीत काय म्हणतात?

शंखशिंपले

पारिजात, तो स्टोनफिश. दोघे दगडासारखे दिसतात म्हणून गोंधळ होतो, पण कुळं अगदी वेगळी. स्टोनफिशच्या पाठीवर विषाचे काटे असतात. फ्रॉगफिशला विषाचा काटा नाही. त्याचं सगळं बळ लपण्यात आणि तोंडात.

मी समुद्री जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

पाठीवरचा पहिला काटा या माशाच्या कपाळावर सरकलाय आणि त्याची काडी झालीय. काडीच्या टोकाला आमिष. प्रत्येक जातीचं आमिष निराळं: कुणाचं किड्यासारखं, कुणाचं कोलंबीसारखं. १९७८ साली पीच आणि ग्रोबेकर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात फिलिपीन्सच्या एका फ्रॉगफिशबद्दल लिहिलं. त्याचं आमिष हुबेहूब छोट्या माशासारखं होतं, डोळ्याच्या ठिपक्यासकट, आणि ते पाण्यात पोहल्यासारखं हलायचं. तुमचा वॉर्टी म्हणजे तोच, अँटेनेरियस मॅक्युलेटस. म्हणजे भरतीओहोटींच्या दिवाणखान्यात गळ टाकून बसलेला मासा आहे!

पुढचं तर विलक्षण आहे. भक्ष्य जवळ आलं की तो तोंड उघडतो आणि तोंडाची पोकळी बारा पटींपर्यंत फुगते. पाण्याबरोबर भक्ष्य आत. हे सगळं सुमारे सहा मिलिसेकंदांत. आपली पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून तुमच्यापैकी कुणीच क्लाउन जाताना पाहिला नाही. शेजारी बसून पाहत असता तरी दिसला नसता. क्लाउन होता आणि नव्हता, एवढंच.

कल्ले उघडतात ते छोट्या गोल भोकातून, पुढच्या पंखांच्या मागे, जवळजवळ बगलेत म्हणा. घाईत असला की तिथून पाण्याची पिचकारी सोडून सरकतो. एरवी चालतो. रंगही बदलतो, पण सरड्यासारखा तडकाफडकी नाही. आजूबाजूचा खडक, स्पंज बदलला तर काही आठवड्यांत.

मराठी नावाबद्दल: वर्गात मी बेडूकमासा म्हणते. कोळीवाड्यातलं नाव कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

अवांतर: उरलेला क्लाउन नर असेल आणि पुढे त्याला छोटा जोडीदार मिळाला, तर त्या नराची मादी होईल. क्लाउनमध्ये सगळ्यात मोठी ती मादी, आणि ती गेली की खालचा नर तिची जागा घेतो. मुलीला सांगा, तिला आवडेल.

कोलंबीभात

शंखशिंपले, दंडवत. सहा मिलिसेकंद! आमच्याकडे सुरमईची तुकडी ताटातून इतक्या वेगाने फक्त माझा धाकटा भाऊ गायब करतो.

वेसावची_पोर

आमच्याकडे याला वेगळं नाव आहे असं मी तरी ऐकलं नाही. ट्रॉलच्या जाळ्यात खालचा कचरा येतो ना, शिंपले, चिखल, छोटे खेकडे, त्यात असला फुगलेला गोळा मी दोन-तीनदा पाहिलाय. पिवळा नाही, मातकट. बाबा बघायचे आणि परत पाण्यात टाकायचे. खायचा मासा नाही, विकायचा नाही, मग त्याला नाव कोण ठेवणार.

काट्यावरून आठवलं. शिंगाळ्याचा काटा मला लहानपणी हाताला लागलाय. हात खांद्यापर्यंत ठणकत होता. आजीने सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून बसवलं, तासाभराने उतरलं. नंतर डॉक्टरही म्हणाले, केलंत ते बरोबर, या विषाला ताप सोसत नाही. म्हणून घरात खाऱ्या पाण्यातला कुठलाही तळाचा मासा ठेवणार असाल तर आधी त्याच्या पाठीवर काय आहे ते विचारून घ्या. फ्रॉगफिश नसेल विषारी, पण दुकानात त्याच्या शेजारच्या टाकीत असतोच एखादा.

खाण्याचं: तारली, मांदेली देऊ नका. तेलकट असतात, पाण्यावर तवंग येतो. ताजी मुडदुशी आणा, काटा काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, एकेक वेगळा गोठवा. माकूळही चालेल. बाजारातून सकाळी आणा, बर्फात दोन दिवस पडलेलं नको.

सागरगोटा

वेसावची_पोर, ताई, हे सोनं आहे. तारली-मांदेलीला आणखी एक कारण. त्या गटातल्या अनेक माशांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. सतत तेच दिलं तर शिकारी मासे काही महिन्यांत झिजतात. गोल्डफिशचंही तसंच. बरीच दुकानं 'चाऱ्याचा मासा' म्हणून गोल्डफिश देतात, तो अजिबात घेऊ नका.

गप्पिष्ट_गप्पी

मग सुरुवातीला जिवंत मॉली का नाही? काळी मॉली हळूहळू खाऱ्या पाण्याला सरावते, मी स्वतः पाच-सहा तासांत थेंब-थेंब पाणी बदलून सरावलीय. पाण्यात मेली नाही तर कुजतही नाही.

सागरगोटा

चालते, पण शेवटचा उपाय म्हणून. एकदा जिवंताची चटक लागली की काडीवरचं मेलेलं घ्यायला महिना-महिना लावतात. आधी काडी. दोन आठवडे गेले, पोट आत गेलं आणि तरी नाही घेतलं, तर मॉली.

गप्पिष्ट_गप्पी

असहमत. नवा मासा आधीच बावरलेला असतो, त्याला पहिला घास ओळखीचा मिळाला की तो रुळतो. माझ्या लायनफिशला पहिले तीन आठवडे मॉली दिली, आज हातातली कोलंबी खातो.

सागरगोटा

लायनफिश पोहत येऊन अन्न शोधतो, फ्रॉगफिश शोधत नाही. तरी तुमचा अनुभव आहे, मी खोडून काढत नाही. भरतीओहोटींनी ठरवावं.

आडवाटेचा

सगळ्यांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण मूळ प्रश्नच कुणी विचारला नाही. हा मासा घरात हवाच कशाला?

क्लाउनफिशची पैदास तरी होते. ऐरोलीला खाडीकाठच्या केंद्रातही ती होते. फ्रॉगफिश मात्र समुद्रातूनच उचलून आणलेला. फिलिपीन्स, इंडोनेशियात शोभेचे मासे धरायला खडकांवर सायनाइड फवारायचे प्रकार १९६० च्या दशकापासून चालू आहेत. मासा गुंगतो, हाती लागतो, पण भोवतालचं प्रवाळ मरतं आणि बरेच मासे नंतर वाटेतच मरतात. तुम्ही एक विकत घेतलात की दुकानदार दुसरा मागवतो. चूक तुमच्या मुलीची नाही आणि माशाची तर नाहीच. पण मोठ्यांनी याचा विचार करावा असं मला कळकळीने वाटतं.

पारिजात

आडवाटेचा, सहमत. चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात आम्ही शाळेच्या सहलीला जायचो. १९५१ चं ते. हजारो मुलांनी तिथेच पहिल्यांदा समुद्रातला मासा जिवंत पाहिला असेल. ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी अशा जागा असाव्यात, घरोघरी नकोत.

सागरगोटा

आडवाटेचा, तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. याच कारणाने माझा मासा गेल्यावर मी दुसरा आणला नाही. एवढंच म्हणेन की कैदेत कुठला मासा कमी सोसतो असं विचारलं, तर सतत पोहत राहणारा सर्जनमासा नव्हे, हा. समुद्रातही तो दिवसचे दिवस एकाच स्पंजावर बसतो. आणि आता आणलाच आहे, तर तो नीट जगवणं हेच समोरचं काम. परत समुद्रात सोडा असं कृपया कुणी सुचवू नका. मासा कुठला, त्याच्याबरोबर कुठले रोग येतील, काहीच सांगता येत नाही.

दक्षिणगोलार्ध

सिडनीहून. इथे याला अँगलरफिश म्हणतात. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर क्लिफ्टन गार्डन्स म्हणून जागा आहे, बंदरातच, जेट्टीखाली. तिथे पट्टेरी फ्रॉगफिश सापडतात, अंगभर केसांसारखे धागे असलेले. मी पहिल्यांदा डुबकी मारली तेव्हा सोबतच्या बाईंनी बोट दाखवलं, मला दिसला नाही. पुन्हा दाखवलं, नाही. तिसऱ्यांदा त्यांनी माझी मान धरून वळवली तेव्हा कळलं की मी ज्या शेवाळलेल्या गोळ्याकडे दोन मिनिटं पाहतोय त्याला डोळा आहे.

मग त्याने आमिष बाहेर काढलं. पांढरा जाडसर किडा असावा तसं, सावकाश वळवळणारं. मी हवा संपेपर्यंत तिथेच होतो. तुमच्या टाकीत हे दिसलं की जरूर लिहा. मात्र पोट भरलेलं असताना तो आमिष काढायची तसदी घेत नाही.

मालवणीखाजा

भरतीओहोटी, टाकीचं खारं पाणी बनवायला मीठ विकत कशाला घेता? मालवणला या, आमच्याकडे समुद्र फुकट आहे. दोन कॅन भरून न्या, जाताना चार जिवंत दगडही न्या, समुद्रातले जीव वाढलेले.

सागरगोटा

मालवणीखाजा, आमंत्रण गोड आहे पण दोन्ही नको. किनाऱ्यालगतचं पाणी पावसात पातळ होतं, गढूळ होतं, त्यात काय येईल भरवसा नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हणजे १९ लिटर, त्याला साधारण सातशे ग्रॅम मीठ. महिन्याला जेमतेम तीन किलो. तेवढ्यासाठी मासा पणाला लावू नये.

आणि दगड तर मुळीच नकोत. त्यावर प्रवाळ असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आलं, समुद्रघोडेही. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. दुकानात कुणी 'लाइव्ह रॉक' म्हणून खरा प्रवाळ देत असेल तर तिथून उठून या.

मालवणीखाजा

वाघाच्या रांगेत प्रवाळ आहे हे माहीत नव्हतं. दगडांचं आमंत्रण मागे घेतो. जेवणाचं कायम आहे.

भरतीओहोटी

मंडळी, घाईत लिहितोय. आज अकरावा दिवस. काल रात्रीपासून आबाचं पोट भयंकर फुगलंय. आधी गोल होतं, आता चेंडू झालाय. कातडी ताणून चमकतेय. अजून काही खाल्लं नाहीये, मी काही दिलेलंही नाही. क्लाउन सडतोय का आत? की हवा? कुणी जागं आहे का?

सागरगोटा

आहे. घाबरू नका, एकेक बघू. तो तरंगतोय का? शेपटी वर आणि तोंड खाली, असा लटकल्यासारखा? पंख दगडावर टेकलेत का सुटलेत? श्वास जलद आहे का?

भरतीओहोटी

तरंगत नाही. दगडावरच आहे, पंख घट्ट टेकलेले. श्वास नेहमीसारखा. दुपारी मात्र दोन-तीनदा जागा बदलली, एरवी बदलत नाही.

सागरगोटा

मग हवा नाही. घास सडला असता तर मलूल पडला असता, श्वास लागला असता. क्लाउन पोटात जाऊन आठवडा झाला, तो एव्हाना संपला असणार. मला एक शंका येतेय, पण शंखशिंपले यांनी सांगितलं तर बरं.

शंखशिंपले

मलाही तीच शंका आहे. भरतीओहोटी, तुमचे आबा बहुधा आबा नाहीत.

फ्रॉगफिशच्या मादीची अंडी टाकायच्या आधी पाणी शोषून फुगतात. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत पोट असं ताणतं. नर नसला तरी ती अंडी टाकते, फक्त ती फळत नाहीत. टाकते तेही एकेक नाही, सगळी मिळून चिकट, पारदर्शक तराफ्यासारखी, पाण्यावर तरंगणारी. उद्या-परवा सकाळी पाण्याच्या पृष्ठभागावर पाहा. सापडला की लगेच काढा. स्किमरच्या तोंडात अडकला तर पाणी तुंबेल आणि कुजला तर अमोनिया वाढेल. तोवर दिवा कमी, टाकीजवळ गर्दी नको, खाणं नको.

आणि कुणी जोडीला नर आणा म्हणेल, ऐकू नका. अंडी टाकून झाल्यावर नर लवकर निघाला नाही तर तिचं पुढचं जेवण तोच.

कोलंबीभात

आबा नाही, आजी! मी आज ऑफिसात मीटिंगमध्ये हे वाचलं आणि मोठ्याने "आजी!" म्हणालो.

गप्पिष्ट_गप्पी

धागा वर काढतोय. भरतीओहोटी, दोन दिवस झाले. आमचा जीव टांगणीला लागलाय.

भरतीओहोटी

क्षमस्व, सगळं सविस्तर लिहायचं होतं म्हणून थांबलो.

काल पहाटे साडेपाचला उठलो. टॉर्चवर लाल जिलेटिन लावून पाहिलं. पाण्यावर, कोपऱ्यात, काहीतरी तरंगत होतं. भिजवलेला सब्जा असतो ना, त्यातले काळे ठिपके काढून घेतले तर कसा दिसेल, तसा एक पापुद्रा. दोन्ही बाजूंनी आत गुंडाळलेला, जुन्या पोथीच्या गुंडाळीसारखा. आत हजारो बारीक मणी. मी मुलीला उठवलं. आम्ही दोघं पाच मिनिटं काही न बोलता पाहत होतो. मग ती कुजबुजली, "बाबा, हे सगळं आजीच्या पोटात होतं?"

काचेच्या वाडग्याने अलगद उचलला. मुलीने शाळेत न्यायचा हट्ट धरला होता, पण तो फळणार नाही हे समजावल्यावर तिने त्याचं चित्र काढलं. आजी स्वतः खाली वाळूवर बसली होती, पोट सैल, कातडीला सुरकुत्या. इतकी थकलेली दिसत होती की मी दिवा लावलाच नाही दिवसभर.

आडवाटेचा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. तुमचं बरोबर आहे. मी मासा आणताना तो कुठून आला हे एकदाही विचारलं नव्हतं. यापुढे समुद्रातून धरलेला मासा आणणार नाही, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो. हिला मात्र नीट सांभाळीन.

आडवाटेचा

भरतीओहोटी, एवढ्या मोकळेपणाने लिहिलंत याबद्दल आभार. आजीची खबर देत राहा. मलाही आता तिची काळजी वाटते.

भरतीओहोटी

तीन आठवड्यांनंतरची खबर.

अंडी टाकल्यावर चौथ्या दिवशी तिने पहिला घास घेतला. वेसावची_पोर यांनी सांगितल्याप्रमाणे मुडदुशीचा तुकडा, सागरगोटांनी सांगितल्याप्रमाणे पारदर्शक काडी. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या प्रयत्नाला तुकडा तिच्यापासून एक वीत अंतरावर थांबवला, हलकेच थरथरवला, मागे ओढला. तिने डोळा फिरवला. मी परत पुढे आणला आणि काडी रिकामी झाली. टचकन आवाज आला, काचेबाहेर ऐकू आला! मॉलीची गरज पडली नाही. आता रविवारी आणि बुधवारी, एकेक तुकडा, एकदा मुडदुशी, एकदा माकूळ.

दक्षिणगोलार्ध, तुम्हाला खास सांगायचं होतं. परवा बुधवारी मला यायला उशीर झाला, खाणं द्यायचं राहिलं. रात्री अकराला मुलगी झोपायच्या आधी टाकीशी गेली आणि धावत आली. आजीने गळ टाकला होता. कपाळावरून बारीक काडी पुढे आलेली आणि टोकाला इवलासा मासा, शेपटी, पाठीवरचा पंख, डोळ्याचा ठिपका सगळं. तो 'मासा' तिच्या तोंडासमोर इकडून तिकडे पोहत होता. टाकीत दुसरा मासा नाही, फक्त काचेपलीकडे आम्ही तिघं. शंखशिंपले, १९७८ सालचं ते वर्णन मी बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "हे तर डोळ्यासमोर चाललंय."

क्लाउन छोट्या टाकीत मजेत आहे. त्याला दोन फुटी टाकी घेतोय, आणि जोडीला पैदाशीतला छोटा क्लाउन.

शंखशिंपले

वाचून अंगावर काटा आला. शक्य असेल तर आमिष काढलं ती वेळ, दिवा होता का, शेवटचं खाऊन किती दिवस झाले, हे वहीत लिहून ठेवा. मुलीलाच द्या ते काम.

दक्षिणगोलार्ध

मला ते पाहायला पाण्याखाली पंचेचाळीस मिनिटं गोठावं लागलं होतं. तुम्ही घरच्या कपड्यांत पाहिलंत. फार आनंद झाला.

वेसावची_पोर

मी बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, जाळ्यात परत असला गोळा आला तर पाण्यात टाकायच्या आधी तोंडाजवळची काडी बघेन.

भरतीओहोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचा प्रश्न. गणपतीला पाच दिवस गावी जायचंय, चिपळूणला. शेजारचे काका रोज येऊन खाऊ घालतो म्हणतायत. त्यांना काय-काय सांगून जाऊ?

सागरगोटा

जायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः एक तुकडा द्या. काकांना खाऊ घालायला अजिबात सांगू नका. फ्रीझरमधल्या मुडदुशीचा पत्ताही त्यांना सांगू नका. त्यांनी रोज फक्त पाणी बघायचं. काचेवर आत्ताच एक खूण करून ठेवा, पाणी उडून खाली गेलं की त्या खुणेपर्यंत आरओचं गोडं पाणी भरायचं. खारं नाही, गोडं, कारण पाणी उडतं, मीठ आतच राहतं. चिलर चालू आहे का हे हात लावून बघायचं. वीज गेली तर बॅटरीवरचा एअरपंप कुठे आहे ते दाखवून ठेवा.

कोलंबीभात

आणि काकांना सांगा, आजी हलल्या नाहीत तरी फोन करू नका.